डोरली, रिंगणी आणि आपला दावा

(तालुका मेळाव्यात एका पाड्याच्या वनहक्क समितीनं केलेलं हे भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. ज्या पाड्यावर वाचणारं माणूस आहे त्यानं बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)

आम्ही पाच जण आलो आहोत, तीन बाया आणि दोन बापये. बोलणार एक जण, पण बोलणं पाचांचं आहे. कुठं चुकलं तर बाकीचे चौघं मध्येच बोलतील, त्यांना बोलू द्या.

भात झोडून झालं, नागली घरात आली. आता डोंगराला जायचे दिवस आले. मेळाव्यात दर वेळी दाव्याचं, मोजणीचं, केसचं, दंडाचं बोलणं होतं. ते झालंच पाहिजे. आज आम्ही मात्र एका काटेरी झुडपाविषयी बोलणार आहोत. ही पाटी पुढं फिरवतो आहोत. त्यात फांद्या आहेत, फळं आहेत, मुळं आहेत. हात जपून घाला, काटा लागेल. लेकरांच्या हातात देऊ नका. हे झुडूप आमच्या दाव्याच्या कागदात कसं शिरलं, ते शेवटी सांगू. आधी त्याची ओळख करून घेऊ, कारण इथल्या कितीतरी तरुण पोरांनी ते रोज पाहिलं असेल आणि नाव एकालाही सांगता येणार नाही.

ओळख

पाटीत तीन प्रकार आहेत.

पहिली डोरली. कुणी तिला मोठी रिंगणी म्हणतं, कुणी चिचारडी, कुणी रानवांगी. उभी वाढते, कमरेएवढी, कधी छातीएवढी. खोडाला आणि फांद्यांना काटे, पानाच्या शिरेवरसुद्धा काटे. पान उलटं करून बोट फिरवा, खालून लवदार लागेल. फूल फिकट जांभळं, मध्ये पिवळं, अगदी वांग्याच्या फुलासारखं. फळं बोराहून लहान, घोसानं लागतात. कच्ची हिरवी, पिकली की नारिंगी-तांबडी. ती बांधाला, रानाच्या कडेला, ओहोळाच्या वरच्या अंगाला सापडते.

दुसरी भुईरिंगणी. ही उभी राहत नाही. जमिनीला चिकटून चारी बाजूंनी पसरते. काटे सरळ, पिवळे, सुईसारखे, आणि इतके की बोट ठेवायला जागा नाही. फूल जांभळं. फळ गोल गोटीसारखं, कच्चं असताना हिरव्यावर पांढरे पट्टे, पिकलं की पिवळं. ती माळावर, रस्त्याच्या कडेला, पडीक जागी असते. अनवाणी गुरं राखणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

तिसरी कामोणी. हिला काटा नाही, अंग मऊ. फूल पांढरं, बारीक. फळ वाटाण्याएवढं, पिकलं की काळं. घराच्या मागं, उकिरड्याजवळ, शेताच्या ओलीत आपोआप उगवते.

तिन्ही वांग्याच्या कुळातल्या. बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखूही त्याच कुळातले. आणि धोतराही त्याच कुळातला, हे विसरू नका. एकाच कुळात पोट भरणारं आहे आणि जीव घेणारंही आहे. म्हणून आमच्याकडे म्हातारी माणसं पोरांना आधी ओळख शिकवायची आणि मग खायला शिकवायची. आता आपण दोन्ही विसरत चाललो आहोत.

खाण्याचं

डोरलीची कच्ची हिरवी फळं आम्ही खातो. कडू असतात. ती तशीच चुलीवर टाकायची नाहीत. दगडानं नाहीतर वरवंट्यानं एकेक फळ फोडायचं, मिठाच्या पाण्यात चोळायचं, बिया धुऊन काढून टाकायच्या. दोन पाण्यांतून काढलं की कडवटपणा बराच उतरतो. मग वालाबरोबर शिजवा नाहीतर सुकट घालून परता. मूठभर फळांत घरादाराची भाकर खाऊन होते, कारण कडू भाजी माणूस बेतानंच खातो. काही ठिकाणी आपल्या बाया हीच फळं वाटे लावून बाजारात विकतात. शहरातली जुनी माणसं चवीनं विकत घेतात.

कामोणीचा पाला कोवळा असताना भाजीला घेतो. काळी पिकलेली फळं पोरं झाडावरच खातात. पण कच्ची हिरवी फळं खायची नाहीत. त्यानं पोटात दुखतं, उलट्या होतात. हे लेकरांना दर वर्षी नव्यानं सांगायला लागतं, कारण दर वर्षी नवी लेकरं चालायला लागतात.

भुईरिंगणीचं फळ आम्ही भाजीला घेत नाही. ती औषधाची.

पावसाळ्याच्या मध्याला घरातला दाणा संपलेला असतो आणि नवं पीक शेतात हिरवं असतं. ते दिवस कशावर काढतो? रानभाजीवर, कंदावर, खेकड्यावर, माशावर. सरकारच्या कागदात हे कुठंच लिहिलेलं नसतं. शिधापत्रिकेवर रानभाजी मिळत नाही आणि सातबाऱ्यावर डोरलीचं पीक लागत नाही. पण त्या दोन महिन्यांत आपल्या चुलीवर काय शिजलं ते आपल्या बायांना विचारा. एका दमात वीस नावं सांगतील.

औषधाचं

भुईरिंगणीचा काढा खोकल्याला, दम्याला, छातीत कफ भरला तर देतात. झाड मुळासकट घ्यायचं, धुवायचं, सावलीत वाळवायचं, ठेचून पाण्यात उकळायचं. पाणी आटलं की गाळून थोडं थोडं द्यायचं. कुणी त्यात सुंठ घालतं, कुणी अडुळशाचं पान, कुणी पिंपळी. किती द्यायचं ते आम्ही इथं सांगणार नाही. ते भगताला आणि जाणत्या बाईला विचारायचं, कारण माणूस बघून मात्रा ठरते. दात दुखला की रिंगणीच्या सुक्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीतून धूर दातावर घेतात. त्यानं दुखणं थोडा वेळ हलकं होतं. पण किडलेला दात त्यानं बरा होत नाही, हेही सांगायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्ही आमच्या भगताच्या समोर बसून ठरवली आहे. त्यांनी मान हलवली म्हणूनच इथं सांगतो. लहान लेकराला ताप आहे, श्वास जोरात चालतोय, बरगडीखाली खड्डा पडतोय, अंगावर पीत नाही, तर काढ्याची वाट बघायची नाही. उचलायचं आणि दवाखान्यात न्यायचं. दोन आठवडे खोकला हटत नाही, अंग सुकतंय, तर बेडका तपासायला द्यायचा. 1992 साली याच जिल्ह्यात, जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला भुकेनं आणि आजारानं आपली लेकरं गेली. ते आपण विसरलेलो नाही. आपली औषधं खरी आहेत, म्हणून दवाखाना नको असं म्हणायचं नाही. आणि सरकारचा दवाखाना आहे, म्हणून आपली औषधं खोटी आहेत असंही म्हणू द्यायचं नाही. दोन्ही आपल्याच हक्काचं आहे.

दहा मुळं आणि एक तागडी

आता पैशाचं बोलू.

शहरात औषधाच्या दुकानात दशमूळारिष्ट नावाची बाटली मिळते. बाळंतिणीला देतात. दशमूळ म्हणजे दहा मुळं. ती कोणती? पाच मोठी: बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण. पाच लहान: साळवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू. ही नावं परत एकदा मनात म्हणा. यातलं एकही नाव परक्या मुलखातलं वाटतं का? बेल आपल्या देवाजवळ आहे. शिवणीचं लाकूड आपल्या घरात आहे. बाकीची आपल्या डोंगरात, माळात आहेत. ज्या बाटलीवर मोठ्या कारखान्याचं नाव असतं, तिच्यातली मुळं कुणीतरी उन्हात कुदळीनं खणलेली असतात. ते कुणीतरी म्हणजे आपणच.

आमच्याकडे हंगामात एक व्यापारी टेम्पो घेऊन यायचा. रिंगणी आख्खी झाडंच्या झाडं घ्यायचा, डोरलीची मुळं घ्यायचा. भाव तोच सांगायचा. तागडीही त्याचीच. ओला माल आणला तर "वाळल्यावर घटेल" म्हणून वजन कापायचा. वाळलेला आणला तर "माती आहे" म्हणून कापायचा. मीठ, तेल, तंबाखू आधीच उधार देऊन ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला माल द्यायची सोय राहायची नाही. हातात काटे भरायचे आमच्या, आणि हिशेब त्याच्या वहीत.

1945 साली या जिल्ह्यात वारल्यांनी उठाव केला, वेठ मोडली. सावकाराच्या शेतावरची फुकट मजुरी आपल्या आजोबा-पणजोबांनी बंद पाडली. मग डोंगरातली ही अर्धी वेठ आपण कशी सहन करत राहिलो? कारण आपल्याला वाटत होतं की आपण चोरून आणतो. चोरीच्या मालाला भाव मागायचं तोंड कुणाला असतं? व्यापाऱ्याला हे चांगलं माहीत होतं. जंगल खात्याच्या भीतीवरच त्याची तागडी उभी होती.

चौकीवर काय झालं

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्या पाड्यातली एक डोशी रिंगणीचा भारा डोक्यावर घेऊन बाजाराच्या वाटेनं चालली होती. वाटेत चौकी आहे. तिथल्या माणसानं अडवलं.

"कुठून आणलंस?"

"डोंगरातून."

"डोंगर कुणाचा?"

डोशी म्हणाली, "माझ्या सासूनं दाखवलेल्या जागेतून आणलंय. तिला तिच्या सासूनं दाखवली होती."

त्यानं भारा ठेवून घेतला. पावती नाही, पंचनामा नाही. डोशी रिकाम्या हातानं घरी आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. भाऱ्याची किंमत फार नव्हती. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला चोर म्हटलं होतं.

त्यानंतर आमच्या समितीनं कायद्याचं पुस्तक नीट वाचून घेतलं. तिथं काय लिहिलंय ते आपल्या भाषेत सांगतो.

1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे द्यायला सांगितली. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3, पोटकलम 1, खंड (ग) सांगतं की जे गौण वनोपज आपण परंपरेनं गोळा करत आलो, त्यावर मालकीचा, गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आपला आहे. गौण वनोपज म्हणजे काय, ते कलम 2 मध्ये लिहिलंय. बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपान, आणि पुढं स्पष्ट शब्दांत औषधी वनस्पती, मुळं, कंद. 2008 च्या मूळ नियमांत विक्रीचाही अर्थ दिला होता. गावपातळीवर मालावर प्रक्रिया करणं, आणि डोक्यावरून, सायकलवरून, हातगाडीवरून वाहून नेणं हे सगळं त्यात येत होतं. डोक्यावरून! आमच्या डोशीचा भारा कायद्यात लिहिलेला होता. तिला ते माहीत नव्हतं आणि चौकीवरच्या माणसाला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं.

पुढच्या खेपेला अकरा बाया मिळून गेल्या. अकरा भारे आणि कायद्याच्या पानाची झेरॉक्स. चौकीवर बराच वेळ बसवून ठेवलं. बाया बसल्या. शेवटी "जा" म्हणाले. पहिला भारा काही परत मिळाला नाही. पण त्या दिवसापासून त्या वाटेवर आमचा भारा अडवलेला नाही.

दावा परत आला

आता मुख्य गोष्ट.

आमच्या ग्रामसभेनं सामूहिक हक्काचा दावा भरला होता. वैयक्तिक प्लॉटचे दावे प्रत्येक जण जीव लावून भरतो, कारण नांगर त्याचा असतो. सामूहिक दावा आम्ही घाईत भरला. एका पानावर लिहिलं, "आम्ही पूर्वीपासून जंगलात जातो, फळं-मुळं, लाकूडफाटा आणतो." सह्या केल्या, अंगठे लावले, दिलं. उपविभागीय समितीकडून कागद परत आला. पुरावा अपुरा.

आम्हाला राग आला. मोर्चा न्यायचं ठरत होतं. तेव्हा तीच डोशी बैठकीत म्हणाली, "त्यांना काय माहीत आपण कुठं जातो? आपण सांगितलंच नाही." तिचं बरोबर होतं.

नियम 13 पुन्हा वाचला. सामूहिक वनस्रोताला कोणते पुरावे चालतात त्याची यादी तिथं आहे. पारंपरिक चराईच्या जागा. कंदमुळं, चारा, रानफळं आणि वनोपज गोळा करण्याच्या जागा. मासेमारीच्या जागा. माणसाच्या आणि गुरांच्या पाण्याच्या जागा. आणि पुढं, वैदू लोकांच्या औषधी वनस्पती गोळा करण्याच्या जागा. देवाची झाडं, देवराई, मसणवट हेही त्यातच. शिवाय म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरायचा आहे. एकाहून जास्त पुरावे विचारात घ्यायचे आहेत, असंही लिहिलंय.

मग आम्ही चार दिवस डोंगर चाललो. समितीची माणसं, दोन म्हाताऱ्या, भगत, शाळेत जाणारी तीन पोरं वही घेऊन. जंगल खात्याला आधी लेखी कळवलं होतं, कारण समितीनं जागेची पाहणी करायची तर त्यांना कळवून करायची असा नियम आहे. त्यांचं कुणी आलं नाही. कळवल्याची पोच आमच्याकडे आहे.

वहीत काय लिहिलं? वनस्पतीचं नाव, आपल्या बोलीतलं. जागेचं नाव, आपल्या बोलीतलं. कोणत्या महिन्यात जातो. कोण जातं, बाया की बापये की पोरं. कशासाठी, खायला, औषधाला की विकायला. कुणी दाखवली. खुणा काय, कुठला दगड, कुठला ओहोळ, कुठलं झाड. वही भरत गेली तसं आमचंच आम्हाला नवल वाटायला लागलं. जंगल खात्याच्या नकाशात ती सगळी बाजू एका कंपार्टमेंट नंबरनं दाखवलेली आहे. त्यांच्या भाषेत ते निकृष्ट वन, म्हणजे जिथं काही नाही असं. तिथं खड्डे खणून सागाची लागवड करायची आखणी झाली होती. आमच्या वहीत त्याच बाजूला एकट्या डोरलीच्या चार जागा निघाल्या. नावानिशी.

एका जागेचं नाव ऐकून पोरं हसली. डोशी म्हणाली, "हसू नका. इथं माझ्या आईनं मला रिंगणी दाखवली तेव्हा माझ्या पायात काटा मोडला होता. तो काटा म्हणजे माझा सातबारा." आम्ही ते जबाबात तसंच लिहिलं. खाली तिचा अंगठा.

हाताचा नकाशा काढला. म्हाताऱ्यांचे जबाब जोडले. ग्रामसभेनं ठराव केला. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. त्या मुदतीत आम्ही कागद दिले, पोच घेतली. निकाल अजून यायचा आहे. तो आमच्यासारखाच लागेल असं आम्ही सांगत नाही. पण आता "पुरावा नाही" असं म्हणायचं असेल तर त्यांना सव्वीस पानं वाचून म्हणावं लागेल.

आमची चूक

एक चूक इथं कबूल करायची आहे.

पहिल्या वहीत आम्ही लिहिलं होतं की त्या सोंडेवर फक्त आमचा पाडा जातो. ते खरं नव्हतं. पलीकडच्या अंगानं कातकऱ्यांची वाडी आहे. त्यांना जमीन नाही, प्लॉट नाही, वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर. रिंगणी आणि मुळं विकून त्यांचं मीठ-मिरची चालतं. आम्हाला माहीत होतं. तरी लिहिलं नाही. मनात होतं की हद्द मोठी दाखवावी.

आमच्यातल्याच एका बाईनं विचारलं, "चौकीवाल्यानं आपल्या डोशीला जे केलं तेच आपण त्यांना करणार का?" कुणाला उत्तर देता आलं नाही.

दोन गावांच्या जागा एकमेकांत शिरत असतील तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून ठरवायचं, असं नियमातच आहे. आम्ही त्यांच्या वाडीवर गेलो. त्यांची माणसं भट्टीवर जायच्या आधी गाठली. ती सोंड दोघांची, असं दोन्ही बाजूंनी लिहून घेतलं. मुळं खणण्यात त्यांचे हात आमच्याहून जाणते आहेत. रिंगणीचं मूळ न तोडता कसं उपसायचं ते आम्ही त्यांच्याकडून शिकलो. तुमच्या शेजारीही अशी वाडी असेल. दावा भरताना तिला विसरू नका.

दुसरी चूक जुनी आहे. व्यापाऱ्याच्या नादानं आम्ही डोरली संपवत आणली होती. फळ, पान तोडलं तर झाड राहतं. मूळ खणलं तर झाड गेलं. टेम्पो यायचा म्हणून फळ धरायच्या आधीच खणायचो. बी पडलंच नाही तर पुढच्या वर्षी काय उगवणार? गाडीरस्त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्वी डोरली होती, आता शोधायला लागते. जंगल खात्यानं मोठी झाडं तोडली हे आपण नेहमी सांगतो आणि ते खरं आहे. पण ही झुडपं आपल्या कुदळीनं गेली.

म्हणून ग्रामसभेनं नियम केले. कायद्याच्या कलम 5 नं जंगल, जैवविविधता आणि पाणी राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, त्याच आधारानं केले. नियम असे:

1. फळं पिकून बी पडल्याशिवाय डोरली किंवा रिंगणी खणायची नाही.
2. एका जागेवर तीन झाडं असतील तर एकच खणायचं, दोन ठेवायची.
3. बांधावरचं आणि ओहोळाच्या काठाचं झाड अजिबात खणायचं नाही. त्यानं माती धरून ठेवलेली असते.
4. खणलेल्या खड्ड्यात पिकलं फळ चुरून बी टाकायचं आणि माती ओढायची.
5. माल एकट्यानं विकायचा नाही. सगळ्यांचा एकत्र वाळवायचा, आपल्या तागडीवर मोजायचा, मग दोन-तीन ठिकाणी भाव विचारून द्यायचा.
6. नियम मोडला तर दंड पैशाचा नाही. त्यानं पावसाळ्यात पन्नास रोपं लावून द्यायची.

गेल्या पावसाळ्यात एका बापयानं नियम मोडला. आमच्या समितीतलाच. त्यानं पन्नास रोपं लावली, सगळ्या पाड्यानं मोजली. हसलेही खूप. पण त्यानंतर कुणी मोडला नाही.

बियाणं आणि ज्ञान

अजून थोडंच सांगतो.

2010 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं बीटी वांग्याला स्थगिती दिली, हे तुम्ही ऐकलं असेल. वांग्यात बाहेरचा जीन घालून किडीला मारणारं वांगं करायचं होतं. देशभर लोक बोलले, म्हणून थांबलं. आम्ही त्यातलं शास्त्र सगळं समजतो असं नाही. पण एक समजतं. वांग्याची रानातली भावंडं आपल्या डोंगरात आहेत. शेतीवाले आजही मर रोगापासून वाचण्यासाठी रानवांग्याच्या खुंटावर वांग्याचं कलम करतात. म्हणजे वांग्याला अडचण आली की त्याला रानातल्या नातेवाइकाकडेच यावं लागतं. तो नातेवाईक ज्यांनी राखला त्यांना कोण विचारतं?

वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये खंड (ट) आहे. जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञान यांवर समाजाचा सामूहिक हक्क आहे, असं तो सांगतो. तेव्हा कुणी वही-कॅमेरा घेऊन आलं आणि "कोणतं मूळ कशाला लागतं?" असं विचारलं, तर हाकलून लावू नका, पण एकट्यानं सांगूही नका. ग्रामसभेत आणा. कोण आहात, कशासाठी पाहिजे, आम्हाला काय मिळणार, हे लिहून घ्या. आम्ही आज इथं जे सांगितलं ते सगळ्यांना माहीत असलेलंच आहे. भगताच्या पोटातलं आम्ही इथं आणलेलं नाही, आणि या पत्रकातही छापायला सांगणार नाही.

तुम्ही काय करायचं

प्रत्येक पाड्यानं या हंगामात एक वही करा. रिंगणीच पाहिजे असं नाही. तुमच्याकडे डिंक असेल, मोह असेल, हिरडा असेल, कंद असेल, मासा असेल. म्हाताऱ्या माणसांना घेऊन चाला. ती चालू शकत नसतील तर डोलीत घाला, पण न्या. आमच्या भगतानं ज्या चार जागा दाखवल्या त्यातली एक आमच्यापैकी दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. ते आणखी दोन वर्षांनी गेले असते तर ती जागा नकाशावरही आली नसती आणि आपल्या डोक्यातही राहिली नसती.

शाळेतल्या पोरांच्या हातात वही द्या. त्यांना अक्षर येतं, म्हाताऱ्यांना डोंगर येतो. दोघं एकत्र बसले की दावा तयार होतो.

पाटी परत आमच्याकडे द्या. पिकलेली फळं मात्र परत नकोत. जाताना प्रत्येक पाड्यानं दोन-दोन फळं न्या, बी काढून सुकवा, पावसाच्या तोंडाला बांधाला टाका. आमच्या डोशीनं एवढंच सांगायला सांगितलंय. ती आज आली नाही, पाय दुखतात तिचे.

जोहार! जिंदाबाद!